दारावरचा पेला

चकाकीबाईंनी कॉम्प्युटरवर काढलेला पाण्याचा पेला बघून माणसाला तहान लागते, असं दुकानातले लोक सांगायचे. आता दुकानातले लोक आपल्या मालाची तारीफ करणारच, त्यात नवल ते काय! पण एकदा एक गिऱ्हाईक स्क्रीनकडे बघता बघता खरोखरच "जरा पाणी मिळेल का हो?" म्हणालं, आणि तेव्हापासून बाईंना हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

दुकान स्टिकरचं. गाड्यांच्या मागची अक्षरं, पाट्या, दुकानांच्या काचांवरची नावं, असलं सगळं. कोपऱ्यात रंगीत व्हिनाइलचे, म्हणजे चिकट प्लास्टिकचे, रोल उभे, मधोमध कटिंगचं मशीन, आणि सोलून टाकलेल्या स्टिकरचे चिकट तुकडे ज्याच्या त्याच्या चपलेला. घरी गेल्यावरसुद्धा चकाकीबाईंच्या कोपराला कुठला तरी लाल स्वल्पविराम लागलेला असायचा.

खरं तर त्या लागल्या होत्या बिलं टाइप करायला. आधीचा डिझायनर एका दुपारी मालकांशी भांडून जो गेला तो पुन्हा फिरकला नाही, आणि कॉम्प्युटरवर एक अर्धी काढलेली बाटली मागे ठेवून गेला. ती पुरी करता करता बाईंना काचेचं वेड लागलं. फोटो मोठा केला की फुटतो, नुसते चौकोन दिसायला लागतात. व्हेक्टरचं चित्र म्हणजे रेषा आणि वळणं. टिकलीएवढं छापा नाहीतर भिंतीएवढं, कड तशीच धारदार. पण त्या रेषांतून काच उभी करायची म्हणजे खायचं काम नाही हो! काचेला रंगच नाही, मग भरणार काय? बाई आधी मागे काहीतरी ठेवायच्या, चौकटीचं कापड म्हणा, लिंबाची फोड म्हणा. त्यावर पेल्याचा आकार, जवळजवळ आरपार. मग कडेला गडद रेघ, तिला आतून चिकटून उजळ रेघ, तळाशी जाड काच, पोटावर खिडकीचा उजेड वाकून पडलेला, आणि हे सगळे रंग एकातून एक विरघळत जाणारे. थरावर थर चढवत त्या बसायच्या, आणि शेवटची पांढरी चमक ठेवली की पेला असा झळकायचा की मालक मागे उभे राहून नुसतं "वा" म्हणायचे. मालकांच्या तोंडून "वा" काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं.

घरी मात्र या कौतुकाची डाळ शिजत नसे. घरी सासूबाई होत्या.

सासूबाईंनी जन्मभर शाळेचे गणवेश शिवले. मुलखाच्या फटकळ. शिवण अर्ध्या दोऱ्यानं वाकडी गेली तरी त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाहून दिसायची. त्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, तो लख्ख झाला. दुसरा तसाच राहिला, सगळा धुरकट. आणि एक डोळा लख्ख नि दुसरा धुरकट म्हटल्यावर अंतराचा अंदाजच गेला. चहा कपाच्या बाहेर, किल्ली कुलपाच्या शेजारी, सुईत दोरा ओवायचा तर दोरा हवेतच. "एकच डोळा केला आणि मला अर्धवट सोडलं," असं त्या म्हणायच्या. दुसऱ्या डोळ्याचं लवकर उरकून टाकायचं होतं. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, उशीर कराल तर तो पिकून दगड होईल आणि मग काढणं अवघड जाईल.

तर अशा या सासूबाई तपासणीला गेल्या आणि दवाखान्याच्या काचेच्या दारावर जाऊन धाडकन आपटल्या.

दवाखाना नवा होता. दार म्हणजे जमिनीपासून छतापर्यंत एकच एक काच, ना चौकट ना पट्टी, बाजूला बारीकशी स्टीलची मूठ. काउंटरवरची मुलगी ते रोज सकाळी असं पुसायची की दार आहे की नाही ते तिचं तिलाच कळू नये. डोळ्यांचा दवाखाना, आत येणारे सगळे कमी दिसणारे, आणि दार कसलं, तर न दिसणारं! याला काय म्हणावं? ज्या बाईनं आयुष्यात नाकावर माशी बसू दिली नाही, तिच्या नाकावर दार बसलं. काळा चष्मा वाकला, नाक सुजून केवढं तरी झालं. ऑपरेशनच्या डोळ्याला धक्का लागला नाही हे नशीब.

"सगळेच आपटतात हो आजी," काउंटरवरची मुलगी समजूत घालायला म्हणाली. तिथंच तिचं चुकलं.

सासूबाई घरी आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मी त्या दवाखान्यात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. दुसरा डोळा गेला खड्ड्यात."

"अगं आई, दुसरीकडे कुठे करायचं आता?" मुलगा म्हणाला. "त्यांच्याकडे तुझे सगळे रिपोर्ट. मी येतो ना, हात धरतो."

"हात धरून मला कुणी नेलेलं नाही. तुझ्या बापानंही नाही."

मुलानं विनवण्या केल्या, चिडून पाहिलं, एक दिवस तर जेवलाही नाही. पालथ्या घड्यावर पाणी. आणि खरं कारण काय ते चकाकीबाईंनी ओळखलं होतं. सासूबाई रागावलेल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. त्या दिवसापासून त्या घरातल्या घरातसुद्धा एक हात पुढे धरून चालायला लागल्या होत्या. उघड्या दारातूनसुद्धा. सुनेला ते बघवेना. ती तडक दवाखान्यात गेली आणि काउंटरसमोर उभी राहून असं काही बोलली की आतल्या खोलीतून डॉक्टरबाईच बाहेर आल्या.

डॉक्टरबाई बिचाऱ्या ओशाळल्या. "आम्ही पट्टी लावून पाहिली हो," त्या म्हणाल्या. "आडवी लाल पट्टी. एका आजोबांना वाटलं दोरी बांधलीय. ते वाकून खालून जायला गेले आणि डोकं आपटलं. तुम्हीच सुचवा काहीतरी."

"सुचवते कशाला? करूनच देते," चकाकीबाई म्हणाल्या. आपल्या कामाचा एवढा गर्व होता त्यांना, आणि का नसावा? काचेचं काम म्हटल्यावर गावात दुसरं होतं कोण?

त्यांनी आपलं सगळं कसब पणाला लावलं. साऱ्या दारावर तिरपे उजेडाचे पट्टे, कडांना कापीव काचेसारखी झळाळी, वरच्या कोपऱ्यात धुक्यासारखा हलका पांढुरका पदर. सगळं आरपार, सगळं एकातून एक विरघळणारं. पारदर्शक फिल्मवर छापून आणलं, साबणाच्या पाण्यानं दारावर बसवलं, पट्टीनं एकूण एक बुडबुडा बाहेर काढला. दार असं काही देखणं दिसायला लागलं की विचारू नका. डॉक्टरबाई चहाचा कप घेऊन बाहेर जाऊन कौतुकानं बघून आल्या.

म्हणजे, येत होत्या. दारावर आपटल्या. चहा सगळा पांढऱ्या कोटावर.

काय झालं होतं ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. बाईंनी काचेवर काच काढली होती, आणि इतकी खरी काढली होती की ती मुळीच दिसत नव्हती. ही चूक दुसऱ्या कुणाला जमली नसती. तिला चकाकीबाईच हव्यात.

घरी सासूबाईंना कळलं, तेव्हा नाक सुजल्यापासून पहिल्यांदाच त्या खळखळून हसल्या. "म्हणजे होतं त्याहून जास्त काच करून आलीस की गं!"

सुनेला हसावं की रडावं ते कळेना. थोडी रडली, खरं सांगायचं तर. मोरीत, नळ सोडून. मग तोंड पुसून बाहेर आली, टेबलावर खिडकीसमोर पाण्यानं भरलेला पेला ठेवला, त्यात एक चमचा टाकला आणि म्हणाली, "आई, इकडे या. ऑपरेशनच्या डोळ्यावर हात ठेवा. आता सांगा, काय दिसतं?"

"दूध."

"अहो, नीट बघा ना. पेला दिसतो का?"

सासूबाईंनी मान इकडे तिकडे केली. "ही एक काळी कड. ही दुसरी. आणि तुझा चमचा मोडलाय."

"कुठं मोडलाय?"

"पाण्यापाशी. वरचा तुकडा एकीकडे, खालचा एकीकडे."

"आणि चकाकी? पोटावरचा उजेड?"

"कसला उजेड? सगळंच तर चकाकतंय. त्यानंच काही दिसत नाही ना मेलं!"

चकाकीबाईंनी पेल्यातला चमचा काढून घेतला. लागलंच ते मनाला. ज्याच्यावर नाव मिळवलं, तेच नेमकं त्या डोळ्याला आंधळं करत होतं. पण बाई खमकी. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन त्यांनी दाराचं चित्र उघडलं आणि एकेक थर उडवायला सुरुवात केली. धूसरपणा गेला, आरपारपणा गेला, विरघळणारे रंग गेले, चमक गेली. उरलं काहीच नाही. मग कोऱ्या पानावर त्यांनी सपाट रंगाचा पेला काढायला घेतला. गडद निळा, पांढरा आणि चमच्याला नारिंगी, बस. मशीनच्या पात्यानं कापता येईल असा, प्रत्येक आकार सुटा, प्रत्येक कड ठाम. छापायचं नाही, रंगीत व्हिनाइल कापूनच लावायचं.

मालकांनी वाकून पाहिलं. "बाई, हे काय? हे तर बालवाडीच्या भिंतीवरचं चित्र. आपलं काम म्हणून सांगायची लाज वाटेल मला."

"मग सांगू नका," बाई म्हणाल्या.

बोलायला सोपं होतं हो, पण पेला काही होईना. आजवर नरम रंग सगळं झाकून घ्यायचे. आता रेघ जरा चुकली की आकार उघडा पडायचा. बाई कागदावर काढून घरी आणायच्या, भिंतीला लावायच्या. सासूबाई खोलीच्या पलीकडे खुर्ची टाकून, चांगल्या डोळ्यावर तळवा धरून न्यायाधीशासारख्या बसायच्या. आणि निकाल द्यायला त्यांना मनापासून मजा यायची.

"बादली."

दुसऱ्या दिवशी, "बरणी आहे. झाकण कुठाय?"

त्याच्या पुढच्या दिवशी, "पाण्याचा पाइप."

"आई, सासू म्हणून नापास करताय की डोळा म्हणून?"

"डोळा म्हणून. सासू म्हणून करायचं असतं तर पहिल्याच दिवशी फाडला असता."

मुलगा बिचारा दोघींकडे आळीपाळीनं बघायचा. आई दवाखान्याचं नाव काढू देत नाही आणि दवाखान्याच्या दारासाठी रोज संध्याकाळी परीक्षा घ्यायला मात्र हजर! पण त्यानं तोंड उघडलं नाही. संसारात एवढं शहाणपण आलं होतं त्याला.

हळूहळू पेला जमायला लागला. कड सारख्या जाडीची ठेवून चालत नाही. तळाशी भरपूर जाड, मध्ये निमुळती, ओठाशी पुन्हा जरा जाड. आणि गडद कडेला पांढरं अगदी चिकटून हवं, मध्ये फट नको, तरच धुक्यातून ती कड उठून येते. एका संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "हां. हा पेला. पण रिकामा."

"रिकामा कसा? अहो, पाणी आहे ना त्यात!"

"असेल तुझ्या मनात. मला दिसत नाही."

इथं गाडी अडली. बाईंनी पाण्याची रेघ ठसठशीत केली, चमचा आणखी मोडला, पाण्याखाली जाडही केला. "रिकामा." दुसऱ्या दिवशीही, "रिकामा." शेवटी वैतागून त्या खऱ्या पेल्यासमोर हनुवटी टेबलावर टेकून बसल्या. खिडकी डावीकडे होती. पाण्याच्या वर, काचेत, तिचा उजेड डावीकडेच होता. आणि पाण्यात? पाण्यात तो उजवीकडे गेला होता. भरलेला पेला मागचं सगळं उलटं करून दाखवतो, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. अहो, हे बाईंना ठाऊक का नव्हतं? आजवरच्या प्रत्येक पेल्यात त्यांनी ते केलं होतं! पण सपाट रंगाच्या नादात ते पार डोक्यातून गेलं होतं आणि वरपासून खालपर्यंत त्यांनी गडद एका बाजूला, पांढरं दुसऱ्या बाजूला ओढून ठेवलं होतं. त्यांनी कपाळावर हात मारला. पाण्याच्या रेघेखाली दोन्ही रंगांची अदलाबदल केली, आणि कागद भिंतीला लावला.

सासूबाईंनी तळवा डोळ्यावर धरला. खुर्चीतून जरा पुढे वाकल्या. मग म्हणाल्या, "आलं पाणी."

चकाकीबाईंनी घरात अशी आरोळी ठोकली की शेजारीण धावत आली.

मशीननं तो पेला कापला तेव्हा मालक पुन्हा तोंड वाकडं करत आले. "दुकानाच्या दारापर्यंत मागे जा आणि डोळे बारीक करून बघा," बाई म्हणाल्या. मालक गेले, डोळे बारीक केले, आणि तिथंच थांबले. या वेळी "वा" सुद्धा आलं नाही. नुसते डोकं खाजवत परत आले आणि स्वतः पाण्याची बादली उचलून दवाखान्यापर्यंत घेऊन गेले.

आधीची फिल्म सोलून काढली आणि गुडघ्यापासून डोक्याच्या वरपर्यंत पेला दारावर चढला. पाण्याची रेघ बरोबर नाकाच्या उंचीला. ती जागा बाईंनी मुद्दाम निवडली होती. आणि चमच्याचा दांडा असा कलता ठेवला होता की त्याच्यावरून हात वर नेला तर थेट दाराच्या मुठीवरच पडावा. मागून दवाखान्यातल्या खुर्च्या, कुंडी, येणारीजाणारी माणसं दिसत होती, आणि त्या सगळ्यांच्या पुढे तो पेला उभा होता. इथं काच आहे, असं तो ठणकावून सांगत होता.

सासूबाईंनी मग अट घातली. येईन, पण आपली आपण. ऑपरेशनचा डोळा झाकून, धुरकट डोळ्यानं. आणि हात कुणी धरायचा नाही.

"आई, भलतंच काय!" मुलगा ओरडला. "पुन्हा लागलं म्हणजे?"

"लागलं तर तुझ्या बायकोचं चित्र खोटं. मग मला घरी ने आणि पुन्हा विषय काढू नकोस."

मुलानं बायकोकडे पाहिलं. तिलाही खात्री नव्हती. कागदावरचा पेला खोलीपलीकडून ओळखणं वेगळं आणि उन्हात, भर रस्त्यावर, चालत्या माणसाला तो दिसणं वेगळं. पण ती म्हणाली, "येऊ द्या त्यांना."

ती आत जाऊन दाराशी उभी राहिली. बाहेर सासूबाई फुटपाथवर आल्या. डाव्या डोळ्यावर तळवा, मान ताठ. थांबून राहिलेले पेशंट मान वर करून बघायला लागले; काउंटरवरची मुलगी तोंडावर हात धरून उभी राहिली. सासूबाई निघाल्या. आणि सावकाश कसल्या, नेहमीसारख्या तरातरा! सावकाश, आई, सावकाश, असं आत चकाकीबाई पुटपुटत होत्या, पण काचेपलीकडे ते ऐकू जाणार कुठून? सासूबाई आल्या, आल्या, आणि हातभर अंतरावर थबकल्या.

त्यांनी मान जराशी तिरकी केली. मोकळा हात उचलला. बोटं नारिंगी चमच्यावर टेकली, दांड्यावरून वर सरकत गेली आणि मूठ हातात आली. त्यांनी दार ढकललं आणि आत आल्या.

"आहे गं बाई दार," त्या म्हणाल्या. आणि मग काउंटरकडे वळून, "काय बघतेस? डॉक्टरांना सांग, मी आलेय. दुसऱ्या डोळ्याची तारीख द्या म्हणावं, लवकरातली."

बसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पट्टीखालून वाकून जाणारे ते आजोबाही तिथंच होते. ते उठून दोनदा बाहेर गेले आणि दोनदा आत आले, केवळ हौस म्हणून. डॉक्टरबाई हसत होत्या, मुलगा डोळे पुसत होता, आणि चकाकीबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

ऑपरेशन झालं. डोळा अजून पिकून दगड झाला नव्हता, वेळेवर निभावलं. डोळ्याची पट्टी काढायच्या दिवशी सून बरोबर होती. डॉक्टरबाईंनी थेंब घातले, बोटं दाखवली, तक्ता वाचून घेतला. सासूबाईंनी शेवटची बारीक ओळही खाडखाड वाचली आणि खुर्चीतून उठल्या. या वेळी हात पुढे धरला नव्हता.

दोघी बाहेर जायला निघाल्या. दारापाशी येऊन सासूबाई थांबल्या. दोन्ही डोळ्यांनी त्यांनी तो पेला पहिल्यांदाच पाहिला. वरच्या ओठापासून तळापर्यंत नजर गेली, पुन्हा वर आली, कडेकडेनं फिरली. जन्मभर शिवण तपासलेली ती नजर, एकही टाका सोडत नव्हती. मागे माणसं जमली. कुणाला बस पकडायची होती, कुणी नुसतंच खाकरलं. काउंटरवरची मुलगी हळूच म्हणाली, "आजी, चला ना, लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत," सासूबाई म्हणाल्या, नजर न हलवता. "माझ्या सुनेनं काढलाय. मला बघू दे."